अडलेल्या सदस्याच्या पाठीशी : पन्नास वर्षांची वाटचाल

१७ फेब्रुवारी १९७५ रोजी युरोपीय आर्थिक समुदायाच्या मंत्रिपरिषदेने ३९७/७५ या क्रमांकाचा एक छोटासा नियम संमत केला. नऊ सदस्य देशांनी मिळून, समुदायाच्या नावावर कर्ज काढायचे आणि ते अडचणीत आलेल्या सदस्याला द्यायचे, एवढाच त्याचा आशय होता. त्या नियमाला पन्नास वर्षे पूर्ण झाली. या काळात व्यवस्थेची नावे अनेकदा बदलली, कायदे बदलले, काम ब्रुसेल्स आणि लक्झेंबर्ग अशा दोन ठिकाणी विभागले गेले. मूळ काम मात्र तेच राहिले.

या इतिहासात रकमा वाढत गेल्या, हे आकड्यांवरून कुणालाही दिसेल. प्रस्तुत लेखकाला त्याहून मोलाची वाटते ती मुदत. अडलेल्या देशाला किती पैसे द्यायचे हे समुदाय लवकर शिकला. त्याला परतफेडीसाठी किती वेळ द्यायचा, हे शिकायला चाळीस वर्षे लागली. ते शिक्षण महाग पडले, त्याची किंमत सामान्य माणसांनी मोजली, आणि म्हणून या स्मरणिकेत त्याची नोंद सविस्तर व्हायला हवी.

पायाभरणी : १९५७ ते १९७४

२५ मार्च १९५७ च्या रोम करारात १०८ वे कलम होते. एखाद्या सदस्याचा परदेशी देण्याघेण्याचा ताळेबंद बिघडला तर इतरांनी परस्पर साहाय्य करावे, असे त्यात म्हटले होते. हेतू लिहून झाला, पण पैशाची तरतूद नव्हती. ती पहिल्यांदा झाली फेब्रुवारी १९७० मध्ये. तेव्हा सहा देशांच्या मध्यवर्ती बँकांनी अल्पमुदतीच्या मदतीचा आपसात करार केला. मार्च १९७१ मध्ये सरकारांनी मध्यम मुदतीच्या मदतीचीही सोय केली. दोन्हींत पैसा सदस्यांच्या स्वतःच्या गंगाजळीतून येणार होता. सगळ्यांवर एकदम संकट आले तर देणार कोण, हा प्रश्न तसाच राहिला.

ऑक्टोबर १९७३ मधल्या अरब-इस्रायल युद्धानंतर नेमके तेच घडले. खनिज तेलाचा पिंपामागचा भाव काही महिन्यांतच जवळपास चौपट झाला आणि तेल आयात करणाऱ्या प्रत्येक देशाची तिजोरी आटू लागली. सर्वांत बिकट अवस्था इटलीची होती. मे १९७४ मध्ये तिथल्या सरकारने बहुतेक आयातीवर निम्म्या किमतीची बिनव्याजी अनामत लावली. सामायिक बाजारपेठेचा संस्थापक सदस्यच दार लोटून घेऊ लागला होता. ऑगस्टअखेर कोमो सरोवराकाठच्या बेलाजिओ गावी जर्मनीचे चान्सलर हेल्मुट श्मिट आणि इटलीचे पंतप्रधान मारिआनो रुमोर भेटले. इटलीने आपले सोने तारण ठेवायचे आणि जर्मन मध्यवर्ती बँकेने २ अब्ज डॉलर द्यायचे, असे ठरले. सोने गहाण टाकून परकीय चलन उभे करणे म्हणजे काय, हे मराठी वाचकाला १९९१ च्या जुलैमुळे ठाऊक आहे. तेव्हा रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने मुंबईहून परदेशी रवाना झाले होते.

बेलाजिओच्या व्यवहाराने इटलीची निकड भागली. पण एका सदस्याने दुसऱ्यापुढे तारण घेऊन उभे राहावे, हे समुदायाच्या कल्पनेला शोभणारे नव्हते. दुसरीकडे तेलविक्रीतून आलेले प्रचंड डॉलर निर्यातदार देशांच्या नावे बँकांत साठत होते. ते समुदायाने उसने घ्यावेत आणि ज्याला गरज आहे त्याला द्यावेत, हा विचार फ्रान्स्वा-झाविए ऑर्तोली यांच्या अध्यक्षतेखालील युरोपीय आयोगात, म्हणजे समुदायाच्या कार्यकारी मंडळात, पुढे आला.

सत्तरचे दशक : पहिले कर्ज

१९७५ च्या नियमाने कर्जाची कमाल मर्यादा मुद्दल आणि व्याज धरून ३ अब्ज डॉलर ठेवली. तेलाच्या दरवाढीमुळे आलेल्या अडचणीपुरतीच ती होती. प्रत्येक सदस्याने ठरावीक वाट्याची हमी द्यायची होती.

व्यवहाराची रीत आजही पुष्कळशी तशीच असल्याने ती जरा समजून घ्यावी. अडचणीतला देश अर्ज करतो. आपण काय उपाय करणार, म्हणजे तूट किती खाली आणणार, पतपुरवठ्याला किती आवर घालणार, हे तो लेखी कळवतो. मंत्रिपरिषद कर्ज आणि अटी मंजूर करते. मग आयोग बाजारात रोखे विकून पैसे उभारतो आणि ज्या व्याजाने, ज्या मुदतीने ते मिळाले त्याच व्याजाने आणि मुदतीने पुढे देतो. आयोग मध्ये नफा ठेवत नाही. आपल्या एकट्याच्या नावावर ज्याला महाग पैसा मिळाला असता त्याला सगळ्या सदस्यांच्या नावावर स्वस्त मिळतो. सगळी मदत असते ती या फरकात.

१९७६ मध्ये पहिले कर्ज मंजूर झाले. इटलीला १ अब्ज डॉलर आणि आयर्लंडला ३० कोटी डॉलर. आयर्लंड समुदायात येऊन जेमतेम तीन वर्षे झाली होती. १९७७ मध्ये इटलीला आणखी ५० कोटी डॉलर मिळाले. ही कर्जे वेळेवर फिटली आणि समुदायाच्या रोख्यांवर जगभरच्या गुंतवणूकदारांचा विश्वास बसला. त्या काळात आयोगाच्या अर्थ विभागात मसुदे करणारे, बँकांशी बोलणी करणारे, प्रत्येक कागद समुदायाच्या सगळ्या भाषांत उतरवणारे कर्मचारी फार थोडे होते. त्यांची नावे कुठल्या फलकावर नाहीत. आजची इमारत त्यांच्या कामावर उभी आहे.

ऐंशीचे दशक : मोठे सदस्यही दारात

१९७९ च्या इराण क्रांतीनंतर तेल पुन्हा भडकले. १९८१ मध्ये नियम नव्याने बांधला गेला आणि मर्यादा ६ अब्ज एक्यू झाली. एक्यू हे समुदायाचे हिशेबाचे एकक, आजच्या युरोचे पूर्वरूप.

मे १९८३ मध्ये फ्रान्सला ४ अब्ज एक्यू मिळाले. राष्ट्राध्यक्ष मितराँ यांच्या सरकारने त्या वसंतात खर्चाला कात्री लावून फ्रँकला युरोपीय चलनव्यवस्थेत राखण्याचा निर्णय घेतला होता आणि हे कर्ज त्या निर्णयाला टेकू होते. मदत ही केवळ दुबळ्यांसाठी असते, हा समज या कर्जाने पुसला. बोलणी करणारे अर्थमंत्री होते जाक दलोर. पुढे जानेवारी १९८५ मध्ये तेच आयोगाचे अध्यक्ष झाले आणि दहा वर्षे राहिले. मागणाऱ्याच्या खुर्चीत बसलेला माणूस देणाऱ्याच्या खुर्चीत आला, याचा संस्थेला फायदाच झाला.

१९८५ मध्ये ग्रीसला १.७५ अब्ज एक्यू दोन हप्त्यांत देण्यात आले. २४ जून १९८८ रोजी १९७१ ची आणि १९७५ ची अशा तोपर्यंतच्या दोन वेगळ्या सोयी एकत्र करून एकच खिडकी उघडली गेली आणि मर्यादा १६ अब्ज एक्यूपर्यंत गेली.

नव्वदचे दशक : युरोची तयारी

१९९१ मध्ये ग्रीसला २.२ अब्ज आणि जानेवारी १९९३ मध्ये इटलीला ८ अब्ज एक्यू मंजूर झाले. सप्टेंबर १९९२ च्या चलनवादळात लीरा आणि पौंड दोन्ही युरोपीय विनिमयव्यवस्थेतून बाहेर पडले होते. त्यानंतरचे हे पाऊल होते. इटलीला मंजूर रक्कम पूर्ण उचलावी लागली नाही.

दशकातली मोठी गोष्ट कागदावर घडली. फेब्रुवारी १९९२ मध्ये मास्ट्रिख्त करारावर सह्या झाल्या आणि समान चलनाचा मार्ग ठरला. एका सदस्याची देणी दुसऱ्याने अंगावर घ्यायची नाहीत, हे कलम त्यात आले. ज्याचे त्याने आपले घर नीट ठेवावे, हा त्यामागचा हेतू रास्त होता. पण परस्पर साहाय्याची जुनी खिडकी पुढे फक्त युरो न स्वीकारलेल्या सदस्यांसाठीच उरली. चलन एक झाले की परदेशी देण्याघेण्याची टंचाई सदस्यांना भेडसावणार नाही, असे तेव्हाच्या जाणत्यांना वाटत होते. १ जानेवारी १९९९ रोजी युरो आला तेव्हा त्याच्या सदस्यांसाठी अडीअडचणीची कोणतीही सोय नव्हती.

नवे शतक : २००० ते २००९

फेब्रुवारी २००२ मध्ये उरलेल्या खिडकीची मर्यादा १२ अब्ज युरोवर आणली गेली. सहा वर्षे तिच्याकडे कुणी फिरकले नाही. मग २००८ च्या सप्टेंबरात अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स बुडाली आणि पूर्व युरोपातले परकीय भांडवल आटले. हंगेरीला ६.५ अब्ज, लाटव्हियाला ३.१ अब्ज आणि रोमानियाला ५ अब्ज युरो मंजूर झाले. तिन्ही वेळा आंतरराष्ट्रीय नाणेनिधी सोबत होता. मर्यादा आधी २५ अब्ज आणि मे २००९ मध्ये ५० अब्ज करावी लागली. त्या घाईच्या महिन्यांत आयोग आणि नाणेनिधी यांनी एकत्र काम करण्याची जी पद्धत बसवली, ती पुढच्याच वर्षी कामी आली.

२०१० चे दशक : कसोटी

ऑक्टोबर २००९ मध्ये ग्रीसच्या नव्या सरकारने जाहीर केले की, देशाची तूट आधी सांगितल्यापेक्षा खूप मोठी आहे. व्याजदर चढत गेले. २३ एप्रिल २०१० रोजी पंतप्रधान यॉर्गोस पापांद्रेऊ यांनी कास्तेलोरिझो या तुर्कस्तानच्या किनाऱ्यालगतच्या छोट्या बेटावरून, मागे निळे बंदर दिसत असताना, देशाला मदत हवी असल्याचे दूरचित्रवाणीवर सांगितले. २ मे रोजी ११० अब्ज युरोंचे कर्ज ठरले. त्यात युरो सदस्यांचे ८० अब्ज आणि नाणेनिधीचे ३० अब्ज होते. सामायिक तिजोरी नसल्यामुळे प्रत्येक देशाने स्वतंत्रपणे पैसे द्यायचे होते. पस्तीस वर्षांपूर्वी बेलाजिओत जी उणीव जाणवली होती, ती पुन्हा समोर आली.

त्यानंतरच्या रविवारी, ९ मे रोजी, अर्थमंत्री ब्रुसेल्समध्ये जमले. १९५० मध्ये याच दिवशी रॉबेर शुमान यांनी युरोपीय ऐक्याची हाक दिली होती. जर्मनीचे अर्थमंत्री वोल्फगांग शॉइब्ले ब्रुसेल्सला पोहोचताच आजारी पडून रुग्णालयात दाखल झाले आणि गृहमंत्री तोमास दे मेझिएर यांना तातडीने विमानाने यावे लागले. सोमवारी आशियातले बाजार उघडण्यापूर्वी निर्णय होणे भाग होते. मध्यरात्र उलटून गेल्यावर तो झाला. समुदायाच्या अंदाजपत्रकाच्या हमीवर ६० अब्ज, युरो सदस्यांच्या हमीवर ४४० अब्ज आणि नाणेनिधीकडून २५० अब्ज, असा ७५० अब्ज युरोंचा आधार उभा राहिला.

४४० अब्जांच्या भागासाठी ७ जून २०१० रोजी लक्झेंबर्गमध्ये ‘युरोपीय वित्तीय स्थैर्य सुविधा’ ही कंपनी नोंदली गेली. क्लाउस रेग्लिंग तिचे प्रमुख झाले. कर्मचारी मोजकेच होते. रोखेविक्रीचे तांत्रिक काम जर्मनीच्या कर्जव्यवस्थापन संस्थेने सांभाळून दिले. जानेवारी २०११ मध्ये ५ अब्ज युरोंचे पहिले रोखे बाजारात आले तेव्हा मागणी जवळपास नऊपट होती आणि जपान सरकारने एक पंचमांशाहून अधिक रोखे विकत घेतले. ते पैसे आयर्लंडला गेले. डब्लिनच्या बँकांनी घरबांधणीच्या तेजीत वाटलेली कर्जे बुडाली होती आणि सरकारने त्या बँकांची हमी घेतली होती. ८५ अब्जांच्या त्या योजनेत १७.५ अब्ज आयर्लंडने स्वतःच्या गंगाजळीतून आणि निवृत्तिवेतन निधीतून घातले. युरो न वापरणारे ब्रिटन, स्वीडन आणि डेन्मार्कही कर्ज देण्यास पुढे आले. २०११ च्या वसंतात पोर्तुगालला ७८ अब्ज मंजूर झाले.

निव्वळ हमीवर चाललेल्या संस्थेची मर्यादा लवकरच कळली. जानेवारी २०१२ मध्ये फ्रान्स आणि ऑस्ट्रियाचे पतमानांकन घसरले आणि त्यांच्यापाठोपाठ या सुविधेचेही. स्वतःचे भरलेले भांडवल असलेली कायमची संस्था हवी, यावर त्याआधीच एकमत झाले होते. २ फेब्रुवारी २०१२ च्या कराराने ‘युरोपीय स्थैर्य यंत्रणा’ स्थापन झाली आणि ८ ऑक्टोबर २०१२ रोजी तिचे काम सुरू झाले. भांडवल ७०० अब्ज युरो, त्यापैकी सुमारे ८० अब्ज रोख भरलेले, कर्ज देण्याची क्षमता ५०० अब्ज. सर्वांत मोठा वाटा, सुमारे २७ टक्के, जर्मनीचा होता. संकटात असलेल्या ग्रीसनेही आपला हप्ता चुकवला नाही. संस्थेच्या वैधतेबद्दल जर्मनी आणि आयर्लंडमधून न्यायालयांत प्रश्न गेले. न्यायालयांनी करार ग्राह्य ठरवला आणि त्यामुळे संस्थेचा पाया अधिक भक्कम झाला. याच वर्षी जूनमध्ये मेक्सिकोतील लॉस काबोसच्या बैठकीत भारतानेही नाणेनिधीच्या वाढीव निधीसाठी १० अब्ज डॉलर देऊ केले, हे इथे आवर्जून नोंदवावेसे वाटते.

नव्या संस्थेचे पहिले काम स्पेनचे होते. तिथे अडचण बँकांची होती. १०० अब्जांपर्यंत मंजुरी असताना ४१.३ अब्ज पुरले. ही मदत रोखीने देण्याऐवजी संस्थेने आपले रोखेच स्पेनच्या बँक-पुनर्रचना निधीकडे सोपवले आणि ते बँकांच्या भांडवलात गेले. मार्च २०१३ मध्ये सायप्रसची पाळी आली. तिथे बँका जवळपास दोन आठवडे बंद होत्या आणि उघडल्यावर दिवसाला ३०० युरोंहून अधिक काढता येत नव्हते.

ग्रीसची कहाणी सर्वांत लांब आणि सर्वांत वेदनेची. २०१० च्या कर्जापाठोपाठ त्याला सुविधेकडून दुसरे कर्जही घ्यावे लागले. अर्थव्यवस्था जवळपास एक चतुर्थांशाने आक्रसली, २०१३ मध्ये बेकारी २७ टक्क्यांवर गेली, निवृत्तिवेतने पुन्हा पुन्हा कापली गेली. जून २०१५ च्या अखेरीस बँका बंद झाल्या आणि यंत्रातून दिवसाला ६० युरोच मिळू लागले. ज्यांच्याकडे बँकेचे कार्ड नव्हते अशा पेन्शनरांसाठी सुमारे हजार शाखा मुद्दाम उघडल्या. तिथे पहाटेपासून रांगा लागल्या आणि हाती पडत होते आठवड्याचे १२० युरो. त्या रांगांत उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसांनी कुठलाही ताळेबंद बिघडवला नव्हता. मदतीच्या अटी स्वीकाराव्यात का, यावर ५ जुलैला सार्वमत झाले. त्यानंतर १२ जुलैच्या दुपारी सुरू होऊन दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत चाललेल्या बैठकीत सदस्यांनी वेगवेगळ्या भूमिका मांडल्या आणि अखेर सर्वांना मान्य असा मार्ग निघाला. ८६ अब्जांपर्यंतच्या तिसऱ्या योजनेपैकी ६१.९ अब्ज वापरले गेले. २० ऑगस्ट २०१८ रोजी ती योजना पूर्ण झाली.

मुदतीचा धडा याच वर्षांत गिरवला गेला. २०१० चे ग्रीसचे कर्ज सुरुवातीला पाच वर्षांत फेडायचे होते आणि बाजारदरावर तीन टक्के अधिक व्याज होते. एवढ्या ओझ्याखाली कुठलीही अर्थव्यवस्था उभी राहिली नसती. जुलै २०११ पासून आयर्लंड, पोर्तुगाल आणि ग्रीसचे व्याज उतरवले गेले, मुदती वाढवल्या गेल्या. ग्रीसच्या पहिल्या कर्जाची मुदत पुढे तीस वर्षांपर्यंत गेली आणि अधिकचे व्याज अर्ध्या टक्क्यावर आले. आयर्लंड आणि पोर्तुगालला २०१३ मध्ये सरासरी सात वर्षे वाढवून मिळाली. २०१८ मध्ये ग्रीसच्या सुविधा-कर्जाच्या मोठ्या भागाला आणखी दहा वर्षे मिळाली. हे सगळे पहिल्याच दिवशी दिले असते तर पुष्कळ हाल वाचले असते, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. नाणेनिधीने २०१३ मध्ये आपल्या मूल्यमापनात पहिल्या ग्रीस योजनेतील उणिवा मान्य केल्या. स्थैर्य यंत्रणेनेही २०१७ आणि २०२० मध्ये बाहेरच्या जाणकारांकडून स्वतःचे मूल्यमापन करून घेतले आणि ते प्रसिद्ध केले. संस्थेच्या मोठेपणात हे अहवाल मोजायला हवेत.

दशकाच्या अखेरीस दोन्ही संस्थांनी मिळून पाच देशांना २९५ अब्ज युरो दिले होते. त्यातले २०४ अब्ज एकट्या ग्रीसचे. २०१३ ते २०१८ या काळात पाचही देश आपापल्या योजना संपवून बाहेर पडले आणि बाजारातून स्वतःच्या नावावर पैसा उभारू लागले.

२०२० नंतर : पगारपत्रकापर्यंत पोहोचलेली मदत

मार्च २०२० मध्ये महासाथीने कारखाने आणि हॉटेले बंद पडली. स्थैर्य यंत्रणेने २४० अब्जांची सोय ठेवली, पण ती कुणी मागितली नाही. २०१० च्या दशकातल्या अटींची आठवण ताजी होती आणि ते समजण्यासारखे आहे. मदत दुसऱ्या वाटेने गेली.

१९ मे २०२० रोजी १०० अब्ज युरोंची एक कर्जयोजना मंजूर झाली. कामगाराला काढून टाकायचे नाही, त्याचे तास कमी करायचे आणि बुडालेल्या पगाराचा काही भाग सरकारने द्यायचा, ही जर्मनीत रुळलेली पद्धत होती. ती चालवण्यासाठी सदस्यांना पैसे देणे, हा योजनेचा उद्देश. सर्व सदस्यांनी मिळून २५ अब्जांची हमी दिली. ऑक्टोबरमध्ये १७ अब्जांचे पहिले रोखे निघाले तेव्हा २३३ अब्जांची मागणी आली. १९ देशांना ९८.४ अब्ज मिळाले. इटलीला २७.४ अब्ज, स्पेनला २१.३ अब्ज, पोलंडला ११ अब्जांहून अधिक. आयोगाच्या अंदाजाप्रमाणे २०२० मध्ये सुमारे ३ कोटी १५ लाख माणसांना या योजनेचा आधार मिळाला. या रोख्यांची शेवटची परतफेड २०५० मध्ये आहे. १९७५ च्या नियमाखालच्या कर्जांची उभारणी अशीच झाली होती. फरक असा की पैसा थेट कामगाराच्या पगारपत्रकापर्यंत पोचला आणि फेडायला एक पिढी मिळाली.

जुलै २०२० मधल्या चार दिवसांच्या शिखर बैठकीत, २०१८ च्या किमतींनुसार ७५० अब्जांचा पुनरुत्थान निधी ठरला. त्यातले ३९० अब्ज अनुदान होते, म्हणजे घेणाऱ्या देशाने परत करायचे नव्हते. त्यासाठी काढलेले कर्ज समुदायाने सामूहिकपणे २०५८ पर्यंत फेडायचे आहे.

सध्याचे काम

क्लाउस रेग्लिंग ऑक्टोबर २०२२ मध्ये निवृत्त झाले. डिसेंबर २०२२ पासून लक्झेंबर्गचे माजी अर्थमंत्री पिएर ग्रामेन्या यंत्रणेचे प्रमुख आहेत. २०२३ मध्ये क्रोएशिया आल्याने सदस्य २० झाले. बुडणाऱ्या बँका मार्गी लावणाऱ्या निधीला पाठबळ देण्याची जबाबदारी यंत्रणेकडे यावी, असा करारातील बदल २०२१ मध्ये सह्या होऊन तयार आहे. डिसेंबर २०२३ मध्ये इटलीच्या प्रतिनिधिगृहाने त्याला मान्यता दिली नाही, त्यामुळे तो अद्याप अमलात आलेला नाही. सदस्यांमधील विचारविनिमय चालू आहे. युरोबाहेरच्या सदस्यांसाठीची २००२ ची खिडकी आजही उघडी आहे.

रोजचे काम आता मुख्यतः वसुलीचे आणि देखरेखीचे आहे. कर्जाचा तीन चतुर्थांश भाग फिटेपर्यंत आयोगाचे पथक त्या त्या देशाला भेट देऊन हिशेब तपासते. स्थैर्य यंत्रणेची माणसे सोबत असतात आणि त्यांचे लक्ष शेवटच्या हप्त्यापर्यंत राहते. स्पेन आणि पोर्तुगालने काही रकमा मुदतीपूर्वीच फेडल्या. ग्रीसने २०२२ मध्ये नाणेनिधीचे कर्ज पूर्ण चुकते केले आणि त्याच वर्षापासून २०१० च्या मूळ कर्जाचे हप्तेही आगाऊ भरायला सुरुवात केली. सुविधेकडून घेतलेल्या ग्रीसच्या कर्जाचा शेवटचा हप्ता २०७० मध्ये येईल, तोपर्यंत लक्झेंबर्गच्या कचेरीला हे खाते चालू ठेवायचे आहे.